शेवटाआधीची फेरी

टिरोलच्या त्या खोऱ्यात बर्फावरून दिवसभर घसरावं, पण 'शेवटची फेरी' असं म्हणू नये. म्हणायचं 'शेवटाआधीची'. शेवटची डोंगराकडे ठेव म्हणून ठेवायची, म्हणजे उद्या मागायला परत येता येतं. धाकट्या रोझलला हे तिच्या थोरल्या बहिणीनं, आफ्रानं, बोबड्या वयातच शिकवलं होतं.

बायकांच्या शर्यतीचा रविवार होता. जिंकणाऱ्या खोऱ्याला मिळणारी मानाची पितळी घंटा सात वर्षं घाटापलीकडच्या खोऱ्यात अडकलेली, आणि आज पहिल्या फेरीत रोझल सव्वा सेकंदानं पुढे! रेघ ओलांडताच तिनं आनंदानं दोन्ही हात वर केले, तोल गेला आणि हेल्मेट बर्फावर ठणकन आपटलं. पण ती हसतच उठली.

"डोकं कसलं, खलबत्ता आहे तो!" आफ्रा म्हणाली. त्यांच्या खोऱ्यातल्या सगळ्या खिदळल्या.

दुसऱ्या फेरीसाठी लिफ्टच्या पाळण्यातून वर आल्यावर रोझल बूट स्कीत अडकवत म्हणाली, "चल ताई, शेवटची फेरी!"

आफ्रा जागीच वळली.

"काय म्हणालीस?"

"शेवटची. अशी काय बघतेस?"

आफ्रानं तिची हनुवटी धरून विचारलं, "रोझल, मागच्या वर्षी घंटा कुणी नेली गं?"

"आपणच की!"

आफ्रानं वाकून तिच्या स्की सोडवल्या आणि खांद्यावर टाकल्या.

"ताई, तुझ्यापायी हरू आपण!"

"हरू. घंटा दुसरी ओतता येते. डोकं ओतणारा ओतारी अजून जन्मायचाय."

"मेंदूला हादरा बसलाय," खाली तिला तपासून शर्यतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हेल्मेट कवटी राखतं, आतला मेंदू कसा धरून ठेवणार? त्यावर दुसरा मार बसला असता तर..."

घंटा आठव्यांदा घाटापलीकडे गेली. रोझल पडदे ओढून पडून राहिली. आठवडाभर ताईशी अबोला. आफ्रा मुकाट्यानं सूप ठेवून जायची.

पुढच्या हिवाळ्यात रोझलनं रेघ ओलांडली ती अर्ध्या सेकंदानं पुढे राहून. हात मात्र तिनं नीट थांबल्यावरच वर केले! घंटा घणाणली, डोंगरानं ओ दिली, घाटापलीकडच्या बायकांनीही तिला उचलून घेतलं.

उन्हं कलत होती. गर्दीतून वाट काढत रोझल आली, घंटा ताईच्या हातात देत म्हणाली,

"ऊन आहे अजून. चल की ताई, शेवटाआधीची!"

आफ्रानं उत्तरादाखल घंटाच वाजवली.