ठेंगणीचं कुंपण

ठेंगणीला अतिसंकटग्रस्त दर्जा मिळाला त्या दिवशी वनखात्यातल्या फूलबाईंनी अख्ख्या कार्यालयाला चहा पाजला होता. आता त्याच दर्जाचं नाव काढलं तरी त्यांच्या डोक्यात तिडीक जायची.

ठेंगणीचं हे वीतभर उंचीचं निळं फूल गावामागच्या टेकडीवर उगवायचं, आणखी कुठेही नाही. फूलबाईंच्याच अहवालावरून साहेबांनी टेकडीला तारेचं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप ठोकलं आणि पाटी लावली, गवताची काडी तोडाल तर खबरदार. सगळ्यात आधी हाकलल्या गेल्या बाईंच्या सख्ख्या वहिनीच्या शेळ्या. वहिनीने बोलणं टाकलं ते टाकलंच.

शेळ्या गेल्या आणि गवत माजलं. कडू ठेंगणीला त्या कधी तोंड लावत नसत, भोवतालचं गवत मात्र फस्त करायच्या, म्हणून तर तिला ऊन मिळायचं. एवढ्या शिकलेल्या बाईंच्या हे ध्यानात आलं, तेव्हा फूल दिसेनासं झालं होतं.

गवत कापू द्या, म्हणून बाई साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, दर्जा वाढला, संरक्षण वाढलं, आता आणखी काय हवंय? कापायचं तर वर विचारावं लागेल आणि वरची बैठक पुढच्या वर्षी.

"तोवर ती मेलेली असेल."

"मग तशी नोंद करू," साहेब म्हणाले.

बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. मढ्याला पहारा देणार हा माणूस! त्यांनी साहेबांच्या देखत टेबलावरची फाटकाची किल्ली उचलली आणि तडक वहिनीचं घर गाठलं.

"वहिनी, शेळ्या टेकडीवर सोडा."

"विकल्या," वहिनी म्हणाली. "कुठे चारणार होते? तुझ्या पाटीवर?"

बाईंनी कोपऱ्यातला विळा उचलला आणि त्या टेकडीकडे निघाल्या. थोड्या वेळाने वहिनीही दुसरा विळा घेऊन मागून आली. तोंडाचा पट्टा चालूच होता. बाईंची अक्कल, बाईंची नोकरी, तिने काही म्हणून सोडलं नाही.

टेकडीचा बराच भाग कापून झाल्यावर गवताच्या बुडाशी ठेंगणीचा एक पिवळट देठ सापडला. त्याला एकच कळी होती.

"एवढ्याशासाठी माझ्या शेळ्या गेल्या?"

"हो," बाई म्हणाल्या. त्यांना रडू फुटलं.

खाली फाटकाशी साहेबांची गाडी येऊन थांबली. वहिनीने पदर खोचला आणि विळा हातात घेऊनच ती उठली.

"तू काप," ती म्हणाली. "याच्याशी मी बोलते."