फुकट खात्यातले आबा

आबांना जाऊन पाच आठवडे झाले तेव्हा मला एक ईमेल आला. ऑस्टरमीर हा ऑनलाइन खेळ एकतीस जुलैला कायमचा बंद होत आहे, इतक्या वर्षांच्या सोबतीबद्दल कंपनी सर्व खेळाडूंची ऋणी आहे, असं त्यात लिहिलं होतं. आबांच्या खात्याला माझा पत्ता जोडलेला होता म्हणून तो माझ्याकडे आला. मी तो पुसला नाही. त्या दिवसांत आबांच्या नावाचं काहीच पुसवत नव्हतं, गॅस एजन्सीचे मेसेजसुद्धा.

आबा म्हणजे माझे वडील, योगराज. धुळ्याला देवपुरात त्यांचा सायबर कॅफे होता. आठ कॉम्प्युटर, मध्ये प्लायवुडचे आडोसे, दारात चपलांचा ढीग. वीसेक वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगच्या मुलांनी त्यांना हा खेळ दाखवला. आपला एक माणूस घडवायचा, त्याला नाव द्यायचं आणि जगभरातल्या हजारो लोकांबरोबर एका कधीच न संपणाऱ्या राज्यात राहायचं. लढायचं, शेती करायची, घर बांधायचं. खेळायला महिन्याचे पैसे पडत, त्यासाठी दुकानात कार्ड मिळायचं. ते खरडलं की आकडे निघत. आबा ती कार्डं काउंटरवर शाम्पूच्या पुड्यांसारखी टांगून ठेवत. मुलं पास झाली, पुण्याला गेली, बाप झाली. आबा मात्र खेळत राहिले.

लढाईत त्यांना रस नव्हता. त्या राज्यात एका दरीवर दोरांचा पूल होता आणि नवे खेळाडू तिथे हमखास चुकायचे. आबांचा पांढऱ्या फेट्याचा माणूस त्या पुलावर उभा राहायचा आणि त्यांना पलीकडे नेऊन सोडायचा. त्याचं कसलंही बक्षीस नव्हतं. पुलापलीकडे त्यांचं घर होतं, घराला ओटा होता आणि दुपारी त्या ओट्यावर त्यांची मंडळी जमायची. त्यातला मला नावानं माहीत असलेला एकच, टपाल्या. तो विदर्भातला कुठलासा, एवढंच आबांना ठाऊक होतं. पंधरा वर्षं ते दोघं रोज बोलत, एकमेकांचा चेहरा न पाहता.

मग मोबाइल आले. कॅफे ओस पडला आणि तो खेळही. शहरं रिकामी झाली, कंपनी विकली गेली, आणि नव्या मालकांनी खेळ फुकट केला. आबांना ते पटलं नव्हतं. "सारंगखेड्याच्या जत्रेसारखं केलंय त्यांनी," ते म्हणायचे. "आत शिरायला तिकीट नाही. पण घोड्याला हात लावला की पैसे काढा."

आई गेली, त्याच वर्षी आबांनी कॅफेचं शटर ओढलं आणि ते माझ्याकडे, जळगावला पिंप्राळ्यात राहायला आले. आमच्याकडे बापानं लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये, अशी जुनी रीत आहे. आबा म्हणायचे, आपण असलं काही मानत नाही. पण आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून घरातलं दूध तेच आणत. स्वतः आणलेल्या दुधाचा चहा ते घेत. एखाद्या दिवशी मी आधी पिशवी आणली, तर त्यांना नेमकं त्या दिवशी पित्त व्हायचं. माझा नवरा चंदन त्यांना चिडवायचा, "आबा, पाण्याचं बिलपण लावू का तुमच्या नावावर?" आबा हसायचे. नळाचा वॉशर त्यांनी बदलला होता, इस्त्रीची वायर बदलली होती. मला ती त्यांची हौस वाटायची.

खेळाचे पैसे माझ्या कार्डावरून जात, कारण त्यांचं कार्ड तिकडे चालेनासं झालं होतं. दर महिन्याला ते तेवढी रक्कम पाकिटात घालून माझ्या पर्सखाली ठेवत.

गेल्या दिवाळीच्या आधी मी जेवताना विचारलं, "आबा, तुमचा खेळ तर फुकट झालाय ना?"

"झालाय. दोन वर्षं झाली."

"मग आपण पैसे कशाचे भरतो?"

"ते सभासद म्हणून."

"सभासद!" चंदन म्हणाला. "काय आबा, चेअरमन व्हायचा विचार आहे का?"

आबांनाही हसू आलं. मी तिथेच मोबाइल घेतला, दोन ठिकाणी बोट लावलं आणि भरणा बंद केला. "झालं. वाचले तुमचे पैसे."

त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "बरं झालं," ते म्हणाले.

मला बरं वाटलं होतं, हे मी लपवत नाही. बापाचं काहीतरी आपण वाचवलं, असं.

त्यानंतरही ते रोज दुपारी गॅलरीतल्या कॉम्प्युटरपुढे बसत. एक गोष्ट मात्र बदलली. आधी ते दोन बोटांनी खाडखाड टाइप करायचे, लिहिता लिहिता शब्द पुटपुटायचे, मधेच एकटे हसायचे. आता आवाज येत नव्हता. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून दुपारी जेवायला घरी येई तेव्हा घर शांत असे. वय झालं की माणूस निवतो, असं मी मनाशी म्हटलं.

जूनमध्ये दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ते गेले.

एकतीस जुलैला मी रजा घेतली. खेळ दुपारी साडेबाराला बंद होणार होता. कंपनीच्या देशात तेव्हा मध्यरात्र असते. सकाळी अकराला मी पहिल्यांदा त्यांच्या खुर्चीत बसले. पासवर्ड त्यांच्या वहीत होता. मला फक्त एकदा त्यांचं घर पाहायचं होतं.

पडद्यावर पूल आला, आणि पुलावर पांढऱ्या फेट्याचा माणूस. कोपऱ्यात पत्रांची पेटी होती. तिच्यात पस्तीसेक पत्रं होती, सगळी उघडलेली, वाचलेली, सगळी टपाल्याची.

पहिलं नोव्हेंबरातलं होतं. "आबा, चार दिवस झाले, ओट्यावर नाही आलात. लेकीकडे फुकट राहता असं बोललो ते मनावर घेतलं का? गंमत केली हो." पुढचं: "पुलावर दिसता. हाक मारली की निघून जाता." जानेवारीत: "माणसानं एकदा शिवी द्यावी अन् मोकळं व्हावं. असं नका करू." मार्चमध्ये: "मुलीच्या लग्नाची पत्रिका कुठे पाठवू? तुमचा पत्ता कधी विचारलाच नाही." शेवटचं जूनच्या मध्यावरचं. "आबा, माझं चुकलं. एवढंच लिहायचं होतं." तेही वाचलेलं होतं. एकालाही उत्तर नव्हतं.

मी उत्तर लिहायला गेले. अक्षरं उमटेनात. बोलायच्या चौकटीत बाण नेला, तर तीही राखाडी, बंद. घराकडे गेले, तर दाराला कुलूप. मी आबांच्या दोस्ताला, लोटनकाकांना धुळ्याला फोन लावला. ते कॅफेत आबांशेजारी बसून कितीतरी वर्षं हाच खेळ खेळले होते, आणि आमच्याशी नेहमी अहिराणीतच बोलत.

"काका, यात बोलायचं कसं? काही लिहिताच येत नाहीये."

"पैसा भरेल शेत का?"

"नाही. फुकट आहे ना आता ते."

"बेटा, फुकटवालासले तठे बोलता येत नही. लबाड लोक येतंस, जाहिराती टाकतंस, म्हणीसन कंपनीनी त्यासनं तोंड बंद करेल शे. पत्र नही, बोलनं नही, घर बी नही. फकस्त फिरानं."

मी पहिल्या पत्राची तारीख पुन्हा पाहिली.

"कधी बंद करं व्हतं पैसा भरानं?"

"दिवाळीच्या आधी."

"अरे देवा," काका म्हणाले. "म्हंजे तुना आबा आठ महिना मुका व्हई गयथा तठे. माले बी सांगं नही त्यानी."

मी लगेच पैसे भरायला गेले. जुलैच्या सुरुवातीपासून विक्री बंद, असं तिथे लिहिलेलं. नवी खातीही बंद. काकांचं जुनं खातं कधीच पुसलं गेलं होतं. मी टपाल्याचं नाव इंटरनेटवर सगळीकडे शोधलं. टपाल्या नावाची शेकडो माणसं निघाली.

"काका, त्याला वाटतंय आबा रागावले होते. त्याला सांगायला हवं. तासभरच उरलाय."

"हावभाव शेत ना," काका म्हणाले. "त्या सगळासले मिळतंस. खाले दख, बारका बारका चित्रं. हो म्हणानं, नही म्हणानं, नमस्कार, बसनं. तेवढंच."

बारा वाजता लोक येऊ लागले. ओसाड पडलेल्या त्या राज्यात त्या दिवशी बरेच जुने परतले होते. पुलावर घोडे, पंख, दिवे असलेली माणसं गर्दी करत होती. त्यांतून खाकी पोशाखाचा, खांद्याला पिशवी अडकवलेला एक माणूस आला आणि माझ्यापुढे थांबला. डोक्यावर नाव होतं, टपाल्या.

"आबा," त्यानं लिहिलं. "आज तरी जाऊ नका."

मी नमस्काराचं चित्र दाबलं. फेट्याच्या माणसानं वाकून हात जोडले.

"बोलणार नाही?" मग पुढची ओळ: "अजून राग आहे?"

मी 'नाही' दाबलं. आबांच्या माणसानं मान हलवली, डावीकडे, उजवीकडे. सावकाश, ठाम. मी पुन्हा दाबलं. पुन्हा. टपाल्या तिथेच खाली बसला.

"नव्हता ना? बायको म्हणायची, तो माणूस डूख धरणारा नाही. आठ महिने झोपेत भांडतोय हो मी तुमच्याशी." तो भराभर लिहीत होता. ओट्यावरच्या मंजुळाला नातू झाला. मुलीचं लग्न झालं, पाऊस आला ऐन मांडवात, आचारी पळाला. मी प्रत्येक ओळीला मान डोलावत होते. बारा वाजून नऊ मिनिटं झाली होती. इथेच थांबता आलं असतं. तो सुखानं गेला असता.

मग त्यानं विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

चंदन केव्हाचा माझ्या मागे येऊन उभा होता. "हो म्हण," तो हळूच म्हणाला. "काय बिघडतं? वीस मिनिटांचा प्रश्न आहे."

मला ते जमलं नाही. आठ महिने माझ्या एका बोटानं त्या माणसाला खोटं सांगितलं होतं. मी 'नाही' दाबलं.

"दवाखान्यात आहात?"

नाही.

"घरी?"

नाही.

त्याच्या डोक्यावर लिहीत असल्याचे तीन ठिपके उमटत आणि पुसले जात. आजूबाजूला कुणीतरी आकाशात दारूकाम उडवत होतं.

"आबाच ना तुम्ही?"

फेट्याच्या माणसानं मान हलवली. नाही.

"कामिनी?" त्यानं लिहिलं.

माझं नाव. आबांनी ते ओट्यावर कधीतरी सांगितलं असणार. चंदननं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी 'हो' दाबलं.

"ते गेले का, बेटा?"

मी पुन्हा 'हो' दाबलं, आणि आबांच्याच माणसानं, आबांच्याच फेट्यानिशी, होकाराची मान डोलावली. ते फार वाईट दिसलं. कुणी बघायला नको असं.

टपाल्याचा माणूस उठला, दोन पावलं मागे सरकला, पुन्हा पुढे आला. बारा वाजून बावीस मिनिटं.

"तुम्ही बोलत का नाही? लिहा ना." आणि मग त्याच्या लक्षात आलं असावं. "बोलता येत नाहीये? खातं फुकटातलं आहे?"

हो.

"तेव्हापासून? दिवाळीपासून?"

हो.

"म्हणजे ते बोलू शकत नव्हते." मग पुढच्या ओळी तुटक तुटक आल्या. "आमच्या मनातही आलं नाही. आबा पैसे बंद करतील असं कसं वाटणार. पैसे भरा म्हणून आमच्याशी भांडणारा माणूस तो. मुके होऊन ओट्यावर यायची लाज वाटली असेल. पैशांची अडचण होती का हो? मला सांगायचं होतं. मी भरले असते."

नाही, मी दाबलं. अडचण नव्हती.

"मग त्यांनी स्वतःच बंद केलं?"

'हो' म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. बारा अठ्ठावीस झाले होते, आणि मी 'नाही' दाबलं. आबांनी मान हलवली.

"मग कुणी?"

खाली सहा चित्रं होती. हो, नाही, नमस्कार, बसणं, हात हलवणं, नाचणं. मी सगळ्यांवरून बाण फिरवला. त्यानं पुन्हा लिहिलं, "कुणी, बेटा?" मी आबांच्या माणसाला त्याच्यापुढे वाकवलं. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. त्यातून त्याला काय कळलं, मला माहीत नाही. तो काहीतरी लिहीत होता, त्याच्या डोक्यावर तीन ठिपके हलत होते. मग ठिपके थांबले, पुलावरची सगळी माणसं होती तशी थांबली, आणि संपर्क तुटल्याची चौकट आली.

मी अर्धा तास ती चौकट तशीच ठेवली. चंदननं जेवायला बोलावलं तेव्हा मी म्हटलं, टपाल्याचं खरं नाव विचारायचं राहिलं. तो म्हणाला, "तुला विचारता आलंच नसतं." ते खरं होतं.