सात आणि आठ

"सात आणि आठ किती?" डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे सरकवला. आईने पेन्सिल घेतली आणि ठामपणे लिहिलं, १३.

मी गणिताची शिक्षिका. परीक्षा आईची आणि घाम मला. आईला एकटीने राहता येईल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तर तिची खोली तिचीच राहणार होती. नाहीतर दादाने वृद्धाश्रमात जागा बघूनच ठेवली होती.

"नऊ आणि पाच?"

१२.

"चार आणि पाच?"

९.

दादा माझ्याकडे वळला. "बघितलंस? म्हणे तिला काही झालेलं नाही!"

"थांब रे जरा."

मला बसवेना. उठले, खिडकीशी गेले, परत आले. छोटी बेरीज बरोबर, मोठी चूक, आणि चूकही दरवेळी दोनाचीच. विसरणारा माणूस इतक्या नेमाने चुकत नाही. वर्गात कुणी असं चुकलं, तर मी शून्य देण्याआधी त्याची रीत शोधते. सात आणि आठ पंधरा. त्यातले तीन तिने मागे लिहिले, म्हणजे पुढचा एक दहाचा नाही, बाराचा. नऊ आणि पाच चौदा. बाराचा एक, वर दोन. जमलं!

आईने बटणांच्या कारखान्यात हयात घालवली होती. एका पुठ्ठ्यावर बारा बटणं. खोक्यावर आधी पुठ्ठे लिहायचे, मग सुटी बटणं.

"तिचं बरोबर आहे!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरची नर्स डोकावली. "ती बाराबारांनी मोजतेय. हे तेरा नव्हेत, एक पुठ्ठा आणि तीन सुटी!"

दादाने कागद ओढला, बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत मोजून पाहिलं. "अरे, खरंच की!" डॉक्टरीणबाईही हसल्या. मला तर आईला उचलून नाचावंसं वाटत होतं.

मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. "बरोबर ना गं?"

तिने मला नीट निरखून पाहिलं आणि बाकावर थोडी सरकून मला जागा करून दिली.

"नवीन लागलीस का गं? बस इथे. मोठ्याने बोलू नकोस, मुकादम बघतोय." मग आणखी हळू आवाजात म्हणाली, "आणि भोंगा झाला की मी थांबणार नाही हं. माझी मुलगी दारात वाट बघत बसते."

दादाने कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

मी तिच्याशेजारी बसले. तिने माझा हात हातात घेतला, अंगठा पहिल्या पेरावर टेकवला आणि म्हणाली, "हं, मोज."

मी मोजायला लागले. बारा झाले की ती मान हलवायची, आणि मी पुन्हा एकपासून सुरू करायची.