कॅसेटला ऊन

माझ्या घरात ऊन न दाखवता काही ऱ्हात न्हाई. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं मधीच थांबून सांगायला नको. चैत सरला की वाकळा, तूर, ज्वारी, हळकुंडं, लग्नातला शालू, सासऱ्याच्या पोथ्या, सगळं स्लॅबवर. एकेक वस्तू फिरवून फिरवून तापवायची. दैवशालाच्या, म्हणजे माझ्या, ज्वारीला सोंडा किडा लागला असं म्हणणारं माणूस ह्या गावात अजून जन्मायचंय. शेजारची चतुराबाई म्हणायची, एक दिवस तू नवऱ्याला बी वाळू घालशील. मी म्हणायची, घातलं असतं की, पण ते आधीच कुवेतातून वाळून आलेत.

तर कुवेतचं सांगते. आमचे मालक, वाल्मीकराव, लग्नानंतर सहा महिन्यांत तिकडं गेलते. शहाऐंशी साल होतं. येलदरीच्या धरणावर वायरमनच्या हाताखाली काम शिकलते, तेवढ्या जोरावर गेले. तिकडं एका मिसरी, म्हणजे इजिप्तच्या माणसाच्या दुकानात लागले. त्याला हे उस्ताद म्हणायचे. उस्ताद टीव्हीवरले खेळ बनवायचा. टीव्हीला एक मशीन जोडायचं, मशीनमधी कॅसेट खोचायची, की टीव्हीवर खेळ चालू. ते मशीन तिकडं बी फार कुणी घेतलं न्हाई म्हणे, दोन-चार वर्षांत बंद पडलं. पण उस्तादाला त्याचं याड होतं. तो खेळ लिहायचा, आन् कॅसेटमधी चिपंला डाग द्यायचं, सोल्डरिंगचं काम मालकाचं.

एक दिवस उस्तादानं इचारलं, तुझ्या गावात काय हाय. मालकानं कागदावर धरण काढून दाखवलं. पूर्णा नदी, धरणाचे दरवाजे, खाली होडीतून जाळं टाकणारे लोक. उस्तादाला ते लय आवडलं, आन् त्यानं त्याचाच खेळ केला. होडीतला माणूस मासे धरतो, वरून एकेक दरवाजा उघडतो, पाण्याच्या लोंढ्यातून होडी वाचवायची. टोपलं भरलं की काठावर उभी असलेली बाई हात हलवती. ती बाई उस्तादाची न्हाई. ती मालकानं स्वतः बसवली, चौकटीच्या कागदावर एकेक चौकट रंगवून. आयुष्यात ह्या माणसानं स्वतःच्या डोक्यातून एवढी एकच वस्तू केली.

धरणाच्या कॅसेटी तीनच झाल्या. तेवढ्यात नव्वद साली तिथं लढाई लागली. दुकान जळालं, उस्ताद कुठं गेला ते आजवर कळलं न्हाई. मालक वाळवंटातून, कुठल्या कुठल्या देशातून, विमानानं मुंबईला आन् तिथून घरी आले. संगट आलेल्यांनी कमरंला सोनं बांधून आणलतं. आमच्याकडं एक रेक्झिनची बॅग. माझ्या सासूनं, तानुबाईनं, चार बायकांदेखत ती उघडली. आत मशीन आन् कॅसेटी. त्यातल्या धरणाच्या कॅसेटीचं वरचं प्लास्टिक वाटंतच फुटलतं, नुसती हिरवी पट्टी उरलती. पट्टीवर गोमीसारखे पाय असलेली एक काळी चिप, आन् चिपवर कागदाचा तुकडा चिकटवलेला. सासूनं बॅग झाकली आन् चुलीकडं गेली.

मी मातर बोलले. लय बोलले. चार वर्षं वाट बगितली ती ह्या खेळण्यासाठी? त्याच दिवशी माझ्या तोंडून निघालं, 'बगा बाई आमचं कुवेतचं सोनं.' ते गावानं उचललं. पुढं पोरंसोरं बी मालकाला बघून 'कुवेतचं सोनं' म्हणायची, आन् हे हसून पुढं जायचे.

मालकानं ते मशीन आमच्या ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीला जोडलं. पडद्यावर आधी अरबी अक्षरं आली, मंग धरण आलं. खरंच आमचंच धरण. काठावर ती बाई, बोटाच्या पेराएवढी. मालक म्हणले, 'ती तू हायस. लाल लुगड्यात.'

टीव्हीवर ती राखाडी दिसायली. मी म्हणलं, 'माझ्याकडं लाल लुगडं कवाच नव्हतं.'

'म्हणून तर दिलं,' म्हणले.

मी तोंड फिरवून आत गेले. त्यांच्यासमोर हसायचं नव्हतं मला. आत जाऊन मातर पिठात हात घालून कितीतरी येळ नुसतीच बसले. मला लय बरं वाटलं होतं, आन् ते मी त्यांना त्या दिवशी सांगितलं न्हाई आन् पुढं बी न्हाई.

दोन वर्षांनी व्होल्टेज वाढलं आन् मशीन जळालं. त्याचा भाग हिकडं मिळंना. मालकानं सगळं एका लोखंडी पेटीत घातलं आन् पेटी माळ्यावर गेली. पुढं रंगीत टीव्ही आला, पण मशीन न्हाई तर काय उपयोग. माझं लुगडं मी रंगात कवाच बगितलं न्हाई.

तीस वर्षं अशीच गेली. मंग आमच्या पोरानं, योगीराजनं, तो पुण्याला कंपनीत हाय, त्या पेटीतल्या सामानाचे फोटो इंटरनेटवर टाकले. चार दिवसांत पुण्याच्याच राजेश्री नावाच्या पोरीचा फोन. तिची काही मंडळी हायेत, जगभरातल्या जुन्या कॅसेटी हुडकून त्यातला खेळ कॉम्प्युटरवर उतरवून ठिवतात, म्हणजे कॅसेट मेली तरी खेळ जिता ऱ्हातो. ती म्हणाली, 'काका, बाकीच्या कॅसेट्स लोकांकडे आहेत. पण ही धरणाची कोणत्याच यादीत नाही. बहुतेक जगात ही एकच उरलीय.'

फोन स्पीकरवर होता. मालक फोनजवळ सरकले. त्यांनी एकच इचारलं, 'रंगीत दिसंल का?'

'हो काका, जशीच्या तशी.'

तिला कामामुळं जूनपर्यंत यायला जमणार नव्हतं. तवर जपा म्हणाली, पाण्यापासून, उंदरांपासून. तेवढंच म्हणाली. तिला तरी काय ठाऊक, माझ्या घरात जपणं कशाला म्हणतात.

त्या फोननं मालक बदलले. बासष्ट वर्षांचा माणूस, पण जिंतूरला जाऊन पांढरा सदरा शिवून आणला. नागेशच्या हाटेलात जाऊन सांगितलं, जूनमधी पुण्याची पोरगी येणार हाय, तुझ्या मोठ्या टीव्हीवर आपलं धरण दाखवतो सगळ्यांना. लोक हसले. मी घरात ऐकलं, आन् पहिल्यांदा मला लोकांचा राग आला, मालकाचा न्हाई.

मे महिन्यात मालक देवगाव फाट्याजवळ बहिणीकडं लग्नाला गेले, आठ दिवसांसाठी. जाताना म्हणले, 'पेटीकडं ध्यान ठिव.' मी पेटी खाली काढली. आतून कुबट वास आला. बुरशी धरलती. त्या हिरव्या पट्टीवरच्या कागदाला कसर लागून तो काळा पडलता. म्हणलं, एवढी वर्षं टोमणे मारले, आता एवढं तरी नीट करू दे. चिंधीला जरासं रॉकेल लावलं आन् तो कागद हलक्या हातानं सोलून काढला. खाली इवलीशी काच निघाली. काचंच्या आत केसाहून बारीक तारा चमकायल्या. इतकं देखणं काम, आन् त्याच्यावर घाण कागद चिकटवून ठिवलता. मला मालकाचाच राग आला.

स्टीलच्या ताटात पांढरं फडकं घातलं, त्यावर ती पट्टी ठिवली आन् स्लॅबवर नेली. एका बाजूला मिरच्या, एका बाजूला माझा शालू. आठ दिवस ऊन दाखवलं. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन, पाय ठिवला तर फोड येतोय. सावली सरकली की मी ताट सरकवायची, काच वर करून. कुठल्या पोथीला इतकं जपलं न्हाई मी. आठव्या दिवशी सांजंला कडुलिंबाचा पाला घालून कोऱ्या कापडात गुंडाळून ठिवली. मालक आल्यावर सांगितलं, 'साफ करून ठिवलंय तुमचं सोनं. काळजी करू नका.' ते हसले. उघडून बगितलं न्हाई. म्हणले, आता राजेश्रीच उघडंल.

राजेश्री जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आली. पाठीवर बॅग, बॅगमधी लॅपटॉप आन् एक डबीएवढं यंत्र. मालकानं पांढरा सदरा घातलता. नागेश आन् हाटेलातली चार टाळकी दारात येऊन उभी. तिनं कापड सोडलं. मी मालकाच्या तोंडाकडं बघायलते. मला शाबासकी पायजे होती, खोटं कशाला सांगू.

मालकानं काच बगितली. मंग माझ्याकडं बगितलं. मंग स्लॅबच्या जिन्याकडं. आन् हळूच खाटंवर बसले.

राजेश्री म्हणाली, 'काका, फोटोत यावर कागद होता ना?'

'होता.'

'तो कधी निघाला?'

मी तोंड उघडलं, तवर मालक म्हणले, 'मीच काढला. खिडकीत ठिवली होती, ऊन येतंय तिथं. लय दिवस.'

त्या पोरीनं पट्टी यंत्राला जोडली. लॅपटॉपवर अक्षरं पळायली. तिनं पुसून पुन्हा जोडली, मंग तिसऱ्यांदा. तिन्ही बारी वरपासून खालपर्यंत एकच एक अक्षर. मला वाचता येत न्हाई ते, पण सगळं सारखंच हाय एवढं दिसायलं.

मंग तिनं सांगितलं, मान खाली घालून. असल्या चिपला ती काच पुसण्यासाठीच असती. काचंतून कडक उजेड गेला की आतलं सगळं पुसून जातं, चिप कोरी होती, नवीन खेळ भरायला. म्हणून वर कागद लावतात. मी इचारलं, 'परत न्हाई येणार?'

'नाही काकू. आत आता काहीच नाहीये.'

'दुसऱ्या कुणाकडं? मोठ्या कारागिराकडं?'

'कुणाकडेच नाही.' तिचे डोळे भरलते. दुसऱ्याच्या कॅसेटीसाठी रडणारी पोरगी मी पहिल्यांदाच बगितली.

दारातून नागेश म्हणला, 'चला, कुवेतचं सोनं उन्हात इतळलं.' टाळकी हसली. शब्द माझाच होता.

राजेश्री जेवून गेली. बाकीच्या कॅसेटी उतरवून घेतल्या तिनं, सगळ्या नीट उतरल्या. जगात सगळ्यांकडं हायेत त्या. पेटीत, बुरशीत, कागदाखाली पडून होती तवर धरणाची बी नीट होती. मी हात लावला न्हाई तवर.

ती गेल्यावर मी मालकाला म्हणलं, 'खोटं काऊन बोललात?'

'लोकांदेखत काय सांगायचं.' मंग म्हणले, 'तिकडं माझं हे बी काम होतं. जांभळ्या दिव्याखाली चिपा ठिवायच्या, वीस मिनिटांत कोऱ्या. तो कागद मीच चिकटवलता. तुला सांगून ठिवायला पायजे होतं.'

'मंग काऊन न्हाई सांगितलं?'

उत्तर मलाच ठाऊक होतं. त्या मशीनचं नाव काढलं की मी भांडे आपटायची. चौतीस वर्षांत एकदा तरी 'सांगा बरं, हे कसं चालतं' असं मी इचारलं असतं, तर त्यांनी आनंदानं सगळं सांगितलं असतं. कागदाचं बी.

चार दिवसांनी मी योगीराजच्या पोरीची सुट्टीत इथं ऱ्हायलेली चौकटीची वही आन् रंगीत पेनं काढली. मालकासमोर ठिवली. म्हणलं, 'परत काढा. राजेश्रीला पाठवू. ती करील काहीतरी.'

मालकानं चष्मा लावला. धरण काढलं. दरवाजे काढले. होडी काढली, खोडली, पुन्हा काढली. मंग काठावर आले आन् थांबले. एक चौकट भरली, दोन भरल्या. मंग पेन खाली ठिवलं.

'पदर कुठल्या हाताला होता आठवंना गं. आन् किती चौकटी होत्या ते बी.'

'राहू द्या चौकटी,' मी म्हणलं. 'लुगडं तर लाल होतं ना?'

त्यांनी वही जवळ ओढली. मंग म्हणले, 'खरं सांगू का? आता आठवत न्हाई. तुला लाल सांगितलतं मी. उस्तादाकडं त्या येळंला कुठला रंग होता, देव जाणे.'

मी लाल पेन उचललं आन् त्यांच्या बोटांत दिलं. 'लालच होतं,' मी म्हणलं. 'भरा.'

त्यांनी माझं ऐकलं, आन् एकेक चौकट भरायले. मी शेजारी बसून बघायलते. मला काय ठाऊक लाल होतं का न्हाई. मी तर कवा बगितलंच न्हाई.