एदेल्मिराचा वर गेलेला हात

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. व्हॉलीबॉलची. साडेनऊ मीटर लांब, एक मीटर रुंद, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चिडलेली. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना डोळे पुसत सांगतात म्हणे. मला ते जमणार नाही. माझ्यामुळे एका बाईनं तीस वर्षं मान खाली घालून काढली, आणि मला तोंड नव्हतं म्हणून मी नुसती बघत राहिले. आता बोलायला लागलेच आहे, तर सगळं बोलून घेते.

माझा जन्म पेरू देशातल्या कायाओ बंदरातला. तिथे धक्क्यावर सेफेरिना नावाची म्हातारी कोळीण मासेमारीची जाळी विणत बसायची. पेरूच्या मुलींनी ऑलिंपिकमधून रुपेरी पदक आणलं, त्यानंतरचे ते दिवस. देशाला नुसतं वेड लागलं होतं. गल्लोगल्ली विजेच्या खांबापासून समोरच्या खिडकीच्या गजापर्यंत दोरी बांधलेली असायची आणि रविवारी आया, मावश्या, लेकी सगळ्या रस्त्यात चेंडू उडवत असायच्या. मोटारवाल्यांनी दुसऱ्या रस्त्यानं जायचं, तक्रार करायची नाही.

अशात एक दिवस राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक तासाय्को सेफेरिनाकडे आले. सगळे त्यांना प्रोफे म्हणायचे, म्हणजे मास्तर.

"माझ्या मुलींच्या सरावासाठी जाळी विणून दे," ते म्हणाले.

"का? तुझ्या मुली माशांसारख्या सुटून जातात का काय?"

"जातात ना! लग्नं करून."

सेफेरिना खो खो हसली आणि तिनं मला विणायला घेतलं. प्रत्येक गाठ ती दातात धरून ओढायची. वर पांढरी पट्टी लावली ती शिडाच्या कापडाची. आजवर माझी एकही गाठ आपणहून सुटलेली नाही.

सरावाच्या हॉलमध्ये मी पाच वर्षं उभी होते. माझ्यासमोर मुलींनी घाम गाळला, गुडघे फोडले, एकमेकींना शिव्या दिल्या आणि पुन्हा गळ्यात गळे घातले. त्यांतली एक एदेल्मिरा कोत्रिना. बंदरात मासे साफ करणाऱ्या बाईची मुलगी, सहा फूट उंच, चेंडू अडवायला, ब्लॉकला उडाली की समोरची मुलगी चेंडू मारायचाच विसरायची. मैत्रिणी तिला 'क्रेन' म्हणायच्या.

प्रोफेंचा एक नियम होता. जाळीला हात लागला की आपण होऊन हात वर करायचा. पंचानं बघितलं नसलं तरी करायचा.

"पंच चुकेल," ते म्हणायचे, "तुम्ही चुकायचं नाही."

एकदा सरावात एदेल्मिराचा दंड मला घासला आणि तिनं ते लपवलं. प्रोफेंनी ते बघितलं होतं. त्यांनी चेंडू पिशवीत भरले आणि ते घरी निघून गेले. तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी एदेल्मिरा त्यांच्या दाराशी जाऊन रडली, तेव्हा आले. त्यानंतर तिचा हात डोळ्याची पापणी लवण्याआधी वर जाऊ लागला. मला तेव्हा त्या मुलीचा फार अभिमान वाटायचा. आज प्रोफेंचाही राग येतो. चांगले होते ते, पण येतो.

मग ती अंतिम फेरी आली. खंडाचं विजेतेपद, आणि सामना आपल्या लिमात. परदेशातून मागवलेली नवी कोरी जाळी बंदरात जकातवाल्यांनी अडकवून ठेवली होती. कुठल्याशा कागदावर शिक्का नव्हता. ऐन वेळी धावाधाव झाली आणि मला आणून टांगलं. मी नीट ताणली गेले होते, वरूनही आणि खालूनही. माझ्याकडून काही कसूर नव्हती.

सामन्याआधी संघटनेचे बडे साहेब फोटो काढायला मैदानात आले. राखाडी सूट, भरपूर पोट. साहेबांनी काय करावं? माझ्यावर रेलले! एका हातानं माझी पट्टी धरलेली, दुसरं कोपर माझ्या खालच्या दोरीवर रोवलेलं, आणि मागे सगळ्या मुली हसत उभ्या. एक फोटो झाला, दुसरा झाला, मग साहेबांना डावी बाजू बरी दिसते म्हणून तिसरा. ते गेले तेव्हा माझी खालची दोरी चांगली वीतभर सैल पडली होती. ती पुन्हा ताणली का? नाही. खांबाजवळच्या दुसऱ्या पंचाचं कामच मला बघण्याचं असतं. तो प्रेक्षकांत कुणाला तरी हात हलवत होता.

पाचवा सेट. चौदा–तेरा, आपण पुढे. एक गुण मिळाला की विजेतेपद. समोरच्या संघाची सगळ्यांत तगडी मुलगी स्मॅशला उडाली. इकडून एदेल्मिरा ब्लॉकला उडाली. तिचे हात माझ्यापासून वीतभर लांब होते. नीट ऐका मित्रांनो, वीतभर. त्या मुलीनं चेंडू हाणला तो माझ्या पांढऱ्या पट्टीच्या खाली, थेट माझ्या पोटात. खालून मला धरून ठेवायला काही नव्हतं. मी फुगले, पुढे आले आणि एदेल्मिराच्या डाव्या हातावर, कोपराच्या जरा खाली, सपकन आपटले. चेंडू त्यांच्याच बाजूला पडला.

शिट्टी वाजली. गुण आपला. आपण जिंकलो होतो. राखीव मुली मैदानात धावत आल्या, लोक खुर्च्यांवर चढले.

आणि एदेल्मिराचा हात वर होता.

चेंडूनं जाळी ढकलली आणि ती खेळाडूला लागली, तर तो दोष नसतो. हा नियम शाळेतल्या मुलीलाही ठाऊक असतो. एदेल्मिरालाही होता. पण तिची नजर चेंडूवर होती, हाताला मी लागले होते, आणि तो हात तीन दिवसांच्या अबोल्यानं शिकवलेला होता. तो विचार करायला थांबला नाही. मुख्य पंचानं खुणेनं विचारलं, लागला? तिनं मान डोलावली. चौदा–चौदा. पुढचे दोन गुण आपण हरलो. हरणारच होतो, कारण सहाच्या सहा मुली रडत खेळत होत्या.

हॉल रिकामा झाला. मला अजून खांबांवरून उतरवलं नव्हतं. साहेब तरातरा आले.

"कुणी विचारलं होतं तुला?" ते ओरडले. "पंचानं विचारलं? देवानं विचारलं?"

"हात लागला होता साहेब," एदेल्मिरा म्हणाली.

"लागला असेल! जरा गप्प बसता येत नाही?"

"ती खरं बोलली," प्रोफे म्हणाले.

"मग जा, दोघं मिळून खरं बोलत बसा घरी!"

मी तिथे लटकत होते. जाळीला सगळ्यांत आधी कुणी हात लावला होता, कोपर लावलं होतं, अंगाचा भार टाकला होता, ते मला माहीत होतं. तो माणूस माझ्यासमोर तीन हातांवर उभा राहून एका चोवीस वर्षांच्या मुलीवर ओरडत होता. त्या दिवशी मला काटे असते तर बरं झालं असतं.

दोघांनाही संघातून काढलं. वर्तमानपत्रांनी तो वर गेलेला हात एवढा मोठा छापला. टीव्हीनं महिनाभर तोच दाखवला. चेंडू कुठे लागला, ते कुणी दाखवलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. कॅमेरे तेव्हा नाचणाऱ्या लोकांकडे वळले होते.

पुढे संघ घसरत गेला. ज्या देशाला जगात दुसरं यायची सवय होती, तो शेजारच्या देशांकडूनही मार खाऊ लागला. का घसरला, ते मी कोठीत पडल्या पडल्या ऐकत होते. लहान मुलींची शिबिरं बंद झाली होती. हॉलचं छप्पर गळायचं, मुली ओल्या फरशीवर घसरून पाय मोडून घ्यायच्या. परदेशी सामन्याला एकदा नऊ खेळाडू गेल्या आणि सात साहेब गेले. पण हरून आले की साहेबांचं उत्तर तयार असायचं. "त्या पोरीनं हात वर केला ना, तिथून आपले दिवस फिरले!" एका मुलीच्या हातावर यांनी तीस वर्षांचा आळस टांगला. मित्रांनो, माझ्यावर एवढं ओझं कधी कुणी टाकलं नव्हतं.

कोठीत माझ्यावर चुन्याच्या गोण्या टाकल्या, उंदरांनी मला दोन जागी कुरतडलं. शेवटी मला कचऱ्यात काढलं, तेव्हा प्रोफे आले. पार म्हातारे झाले होते. मला पोत्यात घालून ते कायाओला एदेल्मिराच्या घरी गेले.

"हिला माझ्या डोळ्यांसमोर आणू नका," ती म्हणाली.

"गल्लीतल्या मुली नुसत्या दोरीवर खेळतात गं."

"खेळू देत."

"तू खरं बोलली होतीस, एदेल."

"हो प्रोफे. खरं बोलले आणि देश बुडवला."

प्रोफे मला दाराशी ठेवून गेले. त्याच वर्षी वारले. पुढच्या रविवारी तिनं माझी उंदरांनी पाडलेली भोकं गाठी मारून बुजवली, माझ्याशी एक शब्द न बोलता, आणि मला विजेच्या खांबाला आणि पाववाल्याच्या खिडकीला बांधलं. तेव्हापासून ती गल्लीतल्या मुलींना शिकवते. मुली तिलाच प्रोफे म्हणतात. ती चेंडू देते, ओरडते, बिअरच्या रिकाम्या खोक्यांवर चढून पंच होते. पण माझ्याजवळ कधी उडी मारत नाही. माझ्यापासून दोन पावलं लांब चालते. मुलींनाही तिनं तोच नियम शिकवला, लागला की हात वर.

पाववाला अबुन्दिओ दर रविवारी खिडकीतून तेच ओरडतो.

"एदेल्मिरा, जाळीपासून लांब राहा हं! देशात आता बुडवायला काही उरलं नाहीये!"

लोक हसतात. तीही हसते. ते हसू मला जवळून दिसतं, म्हणून सांगते, ते बघवत नाही.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुसऱ्या गल्लीच्या मुलींशी सामना होता. भिंतीवर खडूनं गुण लिहिले होते, नऊ–सात. शेगडीवर सळ्यांना लावलेले बैलाच्या काळजाचे तुकडे भाजत होते. खिडकीकडची माझी खालची दोरी सैल होती, कारण अबुन्दिओनं तिथे फडकं वाळत घातलं होतं. समोरच्या मुलीनं जोरात स्मॅश मारला. इकडून यामिलेत नावाची बारीकशी मुलगी ब्लॉकला उडाली. चेंडू माझ्या पोटात बसला आणि मी फुगून तिच्या कोपराखाली आपटले; चेंडू पलीकडेच पडला.

यामिलेतचा हात वर गेला.

"घ्या!" अबुन्दिओ खिडकीत टाळ्या पिटत ओरडला. "दुसरी एदेल्मिरा जन्माला आली!"

यामिलेतच्या डोळ्यांत पाणी आलं. एदेल्मिरानं शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती हे बाजूनं बघत होती. ती खोक्यांवरून उतरली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"हात खाली घे," ती यामिलेतला म्हणाली. "आता दोन्ही हात वर धर. जाळीपासून लांब. हलायचं नाही. आणि तू गं, मार तसाच पुन्हा."

चेंडू आला. मी यामिलेतच्या हातावर आपटले. ती जराही हलली नव्हती.

"पुन्हा."

मी पुन्हा आपटले.

"बाजूला हो." एदेल्मिरा स्वतः तिच्या जागी उभी राहिली. पंचावन्न वर्षांची, गुडघे गेलेली. तिनं दोन्ही हात वर धरले, माझ्यापासून वीतभर लांब. "मार."

"प्रोफे, तुम्हाला लागेल."

"मार म्हणते ना!"

मित्रांनो, मला तेव्हा थांबता आलं असतं तरी मी थांबले नसते. चेंडू बसला आणि मी गेले, त्याच डाव्या हातावर, कोपराच्या त्याच जागी. तिनं हात खाली घेतले, आणि उजवा हात पुन्हा खांद्यापर्यंत उचलला गेला, सवयीनं. आणि तिथेच थांबला. हळूहळू खाली आला.

"प्रोफे," ती म्हणाली. हाक तिच्या म्हाताऱ्या प्रोफेंना होती. "अहो प्रोफे, हीच आली होती. मी नव्हते गेले. हीच आली होती माझ्याकडे."

अबुन्दिओ खिडकीतून बाहेर आला, काहीतरी पुटपुटत माझ्या दोरीवरचं फडकं काढायला लागला.

"राहू दे," एदेल्मिरा त्याला म्हणाली. "तीस वर्षं बोललास ना? आज ऐक. दहा–सात. गुण आमचा. जा, खडू घे आणि लिही."

त्यानं लिहिलं. तिनं गुडघे टेकून माझी खालची दोरी ओढली, दातात धरून गाठ मारली, आणि उठताना माझ्या पट्टीवरून एकदा हात फिरवला.

तरीही माझा राग गेलेला नाही. तो जायला नकोच. माझी घडी नीट घाला, मला उन्हात सोडू नका, असं काही मी मागणार नाही. माझी खालची दोरी तेवढी घट्ट बांधा, आणि कुणाचा हात आपणहून वर गेला, तर बोट दाखवण्याआधी चेंडू कुठे लागला ते बघा. एक बाई न केलेल्या चुकीची माफी तीस वर्षं मागत राहिली. त्या दिवशी हॉलमध्ये हजारो माणसं होती, आणि सगळी तिच्या हाताकडे बघत होती. एकानं तरी माझ्याकडे बघायला हवं होतं.