साडूचा डबा

साडू हे नातं ज्याने शोधून काढलं, त्याला बायको नक्कीच एकुलती एक मिळाली असणार. माझ्या वाट्याला भूषण आला. माझी दिपमाला थोरली, त्याची सुलक्षणा धाकटी. मी जळगावात पिंप्राळ्याला राहतो, तो धुळ्याला, आणि सासुरवाडी सोनगीरची. एवढ्यावर भागलं असतं तर मी त्याला चांगला माणूसही म्हटलं असतं. पण देवाने दोघांना एकच खोड लावली. आम्ही दोघंही घरी ॲम्प्लिफायर बनवतो.

आमच्याकडे त्याला नुसतं मशीन म्हणतात. माझ्या मशीनवर टाळांची किणकिण वेगळी ऐकू येते आणि गाणाऱ्या बाईने मध्येच घेतलेला श्वास वेगळा. भूषणचं मशीन म्हणजे बाजारातले तयार बोर्ड आणून जोडलेले. वरचा सूर लागला की ते चिरकतं. हे मी जळून बोलत नाही. जळतो मी, ते आहेच. पण ते चिरकतं हेही खरं आहे.

जळण्याचं कारण होतं त्याचा डबा.

आमचे सासरे लोटननाना गावातलं भजनी मंडळ चालवतात. गेल्या वर्षी त्यांनी मंडळासाठी चाकं लावलेला लोखंडी रॅक घेतला. एकोणीस इंची रॅक, म्हणजे त्या मापाची वस्तू आत सरकवायची आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या कानांतून स्क्रू मारून पक्की करायची. बाकी सगळं बसलं होतं, मशीनची जागा रिकामी होती. श्रावणात नानांच्या घरी कानबाई, म्हणजे आमची खानदेशची देवी, बसते, तेव्हा आम्ही दोघंही आपापलं मशीन घेऊन पोचलो. रोटाचा, म्हणजे देवीच्या नैवेद्याचा, मान भाऊबंदांचा. जावयांचा मान स्पीकरवर.

माझं मशीन एका जुन्या स्टॅबिलायझरच्या खोक्यात होतं. गुण आत असतात अशी माझी समजूत. भूषणचं मशीन काळ्याभोर डब्यात, पुढे दोन दांड्या, बाजूला कान, आणि दर्शनी पाटीवर पांढरीशुभ्र कोरलेली अक्षरं. नानांनी दोन्ही चालू करूनसुद्धा बघितली नाहीत. भूषणच्या डब्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "याले म्हंतस मशीन!" चार स्क्रू लागले. माझं खोकं भिंतीशी जमिनीवर राहिलं आणि थोड्या वेळाने सासूबाईंनी त्यावर चहाचा ट्रे ठेवला.

मी लाज गुंडाळून भूषणला विचारलं, "डबा कुठे केला रे?"

तो गोड हसला. "आपला एक माणूस आहे, भाऊ."

ते वाक्य वर्षभर माझ्या घशात अडकून होतं. जेवताना, कारखान्यात मोटारी दुरुस्त करताना, दिपमाला काही सांगत असताना. आपला एक माणूस!

यंदा मीही हट्टाला पेटलो. एमआयडीसीत समाधानचं पत्रा वाकवायचं मशीन आहे, त्याच्या डोक्यावर बसून डबा करून घेतला. कोपऱ्यात केसाएवढी फट दिसली म्हणून एक अख्खा पत्रा बाद करायला लावला. समाधान वैतागून म्हणाला, "भाऊ, यात मशीन ठेवायचंय का नवरी बसवायचीय?" मी म्हटलं, साडूला दाखवायचाय. त्यालाही साडू असावा, कारण पुढे तो एक शब्द बोलला नाही. डबा असा झाला की भूषणचा त्याच्यापुढे पत्र्याची पेटी वाटावी.

राहिली अक्षरं. भूषणने ती पुण्यात नाहीतर नाशकात कोरून आणली असणार असं मी धरून चाललो होतो. एकदा सुलक्षणा फोनवर दिपमालाला सहज बोलून गेली, "छे गं, भांड्याच्या दुकानात." लग्नाच्या भांड्यांवर नावं घालतात, तोच माणूस! मला हसू आलं आणि आधी सुचलं नाही म्हणून संतापही आला.

शनिवारी मला कारखान्यात सुट्टी नव्हती आणि रविवारी कानबाई होती. दिपमाला बाजारात निघाली होती. तिच्याकडे पाटी दिली, बटणांजवळ काय लिहायचं ते कागदावर दिलं आणि बजावलं, "वर मधोमध माझं नाव. ठसठशीत."

संध्याकाळी घरी आलो. पाटी कापडात गुंडाळून ठेवली होती. उघडली. बटणांची अक्षरं सुरेख होती. वर मधोमध, ठसठशीत, कोरलं होतं:

श्री. लोटननाना, सोनगीर यांस, जावई नवल व भूषण यांजकडून सप्रेम भेट.

"हे काय आहे?"

"त्याने विचारलं, कोणाकडून कोणाला? मी सांगितलं," दिपमाला म्हणाली. "नानांकडे जाणार म्हटल्यावर दोघांची नावं नकोत? आपण घागर दिली, परात दिली. एकट्याच्या नावाने कधी काही गेलंय?"

"ही परात आहे का?"

"नानांच्या घरी जाऊन तिथेच राहणार ना? मग परातच!"

मी पाटी उलटी लावून पाहिली. बटणं नेमकी आतल्या ट्रान्सफॉर्मरवर येत होती. पट्टी चिकटवावी म्हटलं तर माझंही नाव झाकलं जात होतं. पुन्हा स्टॅबिलायझरच्या खोक्यात भरायला जीव होईना. शेवटी ज्या माणसाला जमिनीवर आणण्यासाठी हे सगळं केलं, त्याचं नाव माझ्याच मशीनच्या कपाळावर घेऊन मी सोनगीरला गेलो.

नानांनी चष्मा लावला. एकेका अक्षराखाली बोट ठेवत मोठ्याने वाचलं. ओटीवर भाऊबंद जमले होते, सगळे ऐकत होते. वाचून झाल्यावर नानांनी चष्मा काढून डोळे पुसले. "दोन्ही जावाई एक व्हयनात. माले बठ्ठं भेटनं." बठ्ठं म्हणजे सगळं. त्यांनी स्वतः भूषणचा डबा रॅकमधून काढला आणि हा बसवला. मशीन चालू केलं, बायकांनी कानबाईचं गाणं धरलं, आणि पहिल्यांदा त्या घरात टाळ टाळासारखे वाजले. माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, आता तरी नाना माझ्याकडे बघतील.

नाना बघत होते डब्याकडे. "आवाज नवलना," ते चारचौघांत म्हणाले, "आनि डबा भूषणना. दिखसच ना, असा हात त्यानाच!"

माझ्या कानशिलांत रक्त चढलं. केसाएवढी फट मी काढायला लावली होती! पण नानांचे डोळे अजून ओले होते. तेव्हा कसं सांगणार की आम्ही एक वगैरे काही झालेलो नाही?

भूषण पुढे झाला. खरं सांगतो, तो गप्प बसला असता तर मला आयुष्यभर पुरेल एवढा राग मिळाला असता. पण तो म्हणाला, "नाना, मन्हा काहीच हात नही. बठ्ठं नवलभाऊनंच काम शे."

मग नानांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "देखा! कितला मोठ्ठा मनना शे! सोता करीसन दुसराले मोठेपना देस." भाऊबंदांनी माना डोलावल्या. कोणीतरी मला म्हणालं, "नशीब काढं तुम्ही, असा साडू भेटना."

आवाज माझा, डबा माझा, आणि मोठेपणा तोही भूषणने नेला. खरं बोलून नेला! याच्यावर माणसाने करायचं काय?

मी भिंतीशी जाऊन बसलो. भूषणचा काळाभोर डबा तिथेच जमिनीवर ठेवला होता. सासूबाई आल्या, चहाचा ट्रे त्यावर टेकवला आणि पुन्हा आत गेल्या. दांडीवरून चहाचा एक ओघळ खाली उतरला. भूषणने तो पाहिला. तो रॅकजवळ गेला, माझ्या डब्याच्या कडेवरून सावकाश अंगठा फिरवला, कोपऱ्याशी थांबला, पुन्हा फिरवला. ती नजर मला चांगली ठाऊक होती. गेलं वर्षभर ती माझी होती.

तो माझ्याशेजारी येऊन बसला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "भाऊ, पत्रा कुठे वाकवला हो?"

मी ट्रेमधला कप उचलला, एक घोट घेतला आणि कप परत त्याच्याच डब्यावर ठेवला.

"आपला एक माणूस आहे," मी म्हणालो.