येत्र्वा म्हणजे जाऊ

माझी वहिनी ॲनी हिने शपथ घेतली तेव्हा तिच्या हातात सोललेलं राजेळी केळं होतं. नंदाखाल गावातल्या आमच्या घरामागे ती सुकेळी करायला केळी उन्हात मांडत होती, आणि तिचा नवरा बॅप्टिस्ट, म्हणजे माझा सख्खा भाऊ, शेजारी उभा राहून कावळे हाकत होता.

"त्या पोरीनं उंबऱ्यावर सगळी नाती नीट सांगितली तर सून," ॲनी म्हणाली. "नाय सांगितली, तर माज्या तोंडून सून हा शब्द निघायचा नाय. ऑस्करची बायको म्हनीन. तेवढंच."

"अगं, पण ती परदेशी—" बॅप्टिस्टने सुरुवात केली.

"तुमी कावळे हाका."

ती पोरगी म्हणजे वेस्ना. ऑस्कर, ॲनीचा धाकटा, प्रवासी जहाजावर कामाला आहे. तिथेच त्याला ही क्रोएशियाची मुलगी भेटली. कॅथलिकच आहे, त्यामुळे फादरांची काही हरकत नव्हती, आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जानेवारीतलं लग्न ठरलं. लग्नानंतर दोघं तिकडेच, तिच्या समुद्राकाठच्या गावी राहणार होती. ॲनीला धास्ती होती ती ह्याची. मुलगा दूर जाणार हे तिने गिळलं होतं, पण सूनही नुसती फोटोतली मिळणार, हे तिला गिळवेना. घाबरलेली बाई रडते किंवा शपथा घेते. आमची ॲनी रडणाऱ्यातली नाही.

आता उंबऱ्याचं सांगते. आमच्या घराण्यात एक खोड आहे, दुसऱ्या कुणाकडे मी ती पाहिलेली नाही. देवळातून लग्न लावून आलेल्या नवरीला ओट्यावर अडवतात. घरातली सगळ्यात म्हातारी बाई दारात काठी आडवी धरते, आणि काठीमागे नवऱ्याची माणसं दार भरून उभी राहतात. म्हातारी एकेकाकडे बोट करून विचारते, "हा कोन? ही कोन?" नवरीने नातं सांगायचं. ज्याचं नातं सांगितलं तो बाजूला होतो, आणि अशी माणसं सरत सरत दार मोकळं होतं. नाव सांगून भागत नाही. नावं काय, पोस्टमनलाही माहीत असतात, असं माझी आजी, म्हणजे ॲनीची आजेसासू, म्हणायची.

वेस्नाला शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं. मी रेजिना, ऑस्करची आत्या. लग्न केलं नाही, जन्मभर हायस्कुलात मराठी आणि संस्कृत शिकवलं, आणि आता बोळिंजला सातव्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहते. एखाद्या शब्दाचं मूळ सांगायला मी तोंड उघडलं की नातेवाइकांना गॅसवर दूध ठेवल्याचं आठवतं. सोसायटीतले लोक तर लिफ्ट सोडून जिना चढतात. मला त्याचं काही वाटत नाही, त्यांच्याच गुडघ्यांना व्यायाम होतो.

नंदाखालच्या घराला रंग लावणं चाललं होतं, म्हणून वेस्ना आणि तिची आई रूझा माझ्याकडेच उतरल्या. रूझा माझ्याच वयाची, अंगाने भक्कम, डोंगराकडच्या खेड्यातली बाई. इंग्रजी तिला येत नव्हतं, मग मी वेस्नाशी इंग्रजीत बोलायचं आणि वेस्नाने आईला सांगायचं, अशी आमची टपाल व्यवस्था होती. बहुतेक वेळ रूझा सोफ्यावर बसून असायची. मुलीकडे बघायची आणि नजर वळवायची. मुलगी परक्यांच्या घरात देताना सगळ्या आया तशाच बघतात.

शिकवणी पहिल्या दिवशी काही चालेना. वेस्ना हुशार, पण तिला शब्दाला धरायला कडी सापडत नव्हती. "सासू" म्हणता म्हणता "सासरा" व्हायचं, आणि "जाऊ" ऐकलं की ती उठून उभी राहायची, कारण ऑस्करने तिला "चल, जाऊ" एवढं मराठी आधीच शिकवलेलं होतं. मी वैतागले. माझा आवाज वर्गातला झाला. रूझाने आमच्याकडे पाहिलं आणि भांडण मिटवायला मध्ये काहीतरी करावं म्हणून बशीतलं सुकेळं उचलून तोंडात टाकलं.

"सुहो," ती चावत म्हणाली. मग खूष होऊन पुन्हा, "सुहो, दोब्रो!"

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"सुकं आहे, छान आहे," वेस्ना म्हणाली. "सुहो म्हणजे सुकं."

मी बशी खाली ठेवली. बघा, संस्कृत शुष्क, आपलं सुकं, ह्यांचं सुहो. स्लाव भाषा आणि संस्कृत ह्या एकाच जुन्या कुटुंबातल्या, हे मी पुस्तकांत वाचलं होतं, वर्गातही फळ्यावर झाड काढून शिकवलं होतं. पण पुस्तकातलं झाड वेगळं, आणि माझ्या सोफ्यावर बसून त्या झाडाची एक फांदी सुकेळं खाते आहे हे वेगळं. मी वेस्नाला म्हटलं, "आईला विचार, मधाला काय म्हणता?"

"मेद."

"जिवंत?"

"झिव."

"दोन, तीन?"

"द्वा, त्री."

मी खुर्ची रूझासमोर ओढली, आणि टपाल व्यवस्था बाजूला ठेवून थेट हातवाऱ्यांवर आले. नवऱ्याची आई?

"स्वेक्रवा," रूझा म्हणाली.

"श्वश्रू!" मी ओरडले. "सासू!" नवऱ्याचा बाप?

"स्वेकर."

"श्वशुर! सासरा! नवऱ्याचा भाऊ?"

"द्येवेर."

"देवर! अगं बाई, दीर!"

आता रूझालाही चेव चढला. मी पुढचं विचारायच्या आत तिने दोन बोटं शेजारी शेजारी धरली, दोघी बायका, दोन भावांच्या, आणि विजयाने म्हणाली, "येत्र्वा!"

"हा शब्द मी कधी ऐकलेलाच नाही," वेस्ना म्हणाली. शहरात वाढलेली मुलगी, तिच्या पिढीने तो टाकून दिला होता. पण रूझाच्या खेड्यात तो अजून चालत होता. चार येत्र्वांमध्ये तिने एका चुलीवर वर्षं काढली होती, आणि त्यांतली एक फार दुष्ट होती, हे तिने मला भाषेशिवाय व्यवस्थित सांगितलं.

येत्र्वा म्हणजे संस्कृत यातृ, आणि यातृ म्हणजे आपली जाऊ. मी उठले आणि रूझाला मिठी मारली. दोघी म्हाताऱ्या हसत होतो, वेस्ना टाळ्या वाजवत होती. खालच्या मजल्यावरच्या राधिकाने फोन करून विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी सांगितलं, हजारो वर्षांनी घरचं माणूस भेटलंय, ठीक कसं असेल?

नणंदेचा शब्द मात्र जुळला नाही. त्यांची झाओवा आणि आपली नणंद ह्यांचा काही संबंध नाही. नणंद कुणाशीच जुळत नाही, हे मी स्वतः नणंद असल्यामुळे अधिकाराने सांगू शकते.

मग मी वेस्नाला सगळं समजावलं. फार पूर्वी, बहुतेक काळ्या समुद्राच्या उत्तरेला, माणसं गुरं राखत राहायची. त्यांतली काही पश्चिमेला गेली, काही फिरत फिरत इकडे आली. प्रत्येकाने बरोबर आपली भाषा नेली, आणि वाटेत ती बदलत गेली. गंमत अशी की बायकोच्या माणसांचे फारसे शब्द त्या जुन्या भाषेत सापडत नाहीत. नवऱ्याच्या माणसांचे मात्र बहुतेक सापडतात. विद्वान म्हणतात, मुलगी लग्न होऊन परक्या घरात जायची, तिथल्या माणसांना हाका मारायला तिला हे शब्द लागायचे. म्हणजे हे शब्द राजांनी टिकवले नाहीत की ऋषींनी, ते घाबरलेल्या नवऱ्या मुलींनी तोंडात धरून इथवर आणले.

वेस्नाने आईला हे सांगितलं तेव्हा रूझाने माझा हात धरला. नंतर तिने लग्नपत्रिका उचलली आणि खालची ओळ दाखवून विचारलं, हे काय लिहिलंय? "लोभ असावा," मी वाचलं. माया असू द्या असा अर्थ. लोभाला तुमच्यात काय म्हणता?

"ल्युबाव," वेस्ना लाजून म्हणाली. तोही एकाच धातूचा निघाला.

त्यानंतर वेस्ना भराभर शिकली. आईचा शब्द धरायचा आणि त्यावरून मराठी शब्दावर उडी मारायची. स्वेक्रवा, सासू. द्येवेर, दीर. मी हवेत तरंगत नंदाखालला गेले आणि ॲनीला सगळं सांगितलं. ती घरभर पडदे लावत होती. स्टुलावरूनच तिने ऐकून घेतलं.

"शब्द जुळले म्हनून मानसं जुळतात काय?" ती म्हणाली. "तुजं नि माजं मराठी एकच हाय. जुळलं काय कदी?"

मी पडदा धरला.

लग्नाच्या दिवशी देवळातली मिस्सा-प्रार्थना आटोपून बँड वाजवत वरात घरी आली. वेस्ना पांढऱ्या झग्यात, हातात चुडा, आणि मागे रूझा, आम्ही नेसवलेली साडी दोन्ही हातांनी धरून, ती आता सुटेल की काय अशा धास्तीने चाललेली. ऑस्करचा चेहरा नवरीपेक्षा पांढरा पडला होता. ओट्यावर काठी आडवी धरून आमची रोवेना काकी उभी होती. तिने हात वर केला आणि बँड थांबला.

"हा कोन?" काकीने बॅप्टिस्टकडे बोट केलं.

"सासरा," वेस्ना म्हणाली. मागे रूझा ओठांतल्या ओठांत म्हणाली, "स्वेकर." बॅप्टिस्ट हसत बाजूला झाला.

"हा?" ऑस्करचा थोरला भाऊ, जॅक्सन.

"मोठा दीर."

"ही?" जॅक्सनची बायको, ब्रिटनी.

"जाऊ!" आणि ह्या वेळी वेस्ना जागची हलली नाही. बायकांनी शिट्ट्या मारल्या. ब्रिटनीने उडी मारूनच वाट दिली. मी तिथे ओट्याच्या कोपऱ्यात उभी राहून स्वतःच्या पाठीवर हात फिरवत होते.

शेवटी दारात एकटी ॲनी उरली. हाताची घडी घातलेली, ओठ घट्ट मिटलेले.

"ही कोन?"

"सासू," वेस्ना म्हणाली, आणि तिने इतकं हळू, इतकं जपून म्हटलं की मागच्या बायका ऐकायला पुढे सरकल्या. ॲनीने पाऊल उचललं. झालं, मला वाटलं. पण काकीने काठी खाली घेतलीच नाही. तिने बोट फिरवलं आणि वेस्नाच्या छातीकडे रोखलं.

"आनि तू कोन?"

हा प्रश्न मला माहीतच नव्हता. मी ह्या घरची लेक. प्रत्येक लग्नात नाती संपत आली की मी आत स्वयंपाकघरात दूधसाखरेची वाटी घ्यायला जायचे, आणि बाहेर येईपर्यंत बँड पुन्हा सुरू झालेला असायचा. ह्या उंबऱ्यावर मी नवरी म्हणून कधी आलेच नाही, मला कोण विचारणार होतं, तू कोण? ब्रिटनीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण मास्तरीण दुसऱ्याला विचारते थोडीच!

वेस्नाने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, तर काकी गरजली, "रेजिना, तू गप." वेस्नाच्या डोळ्यांत पाणी तरारलं. सगळ्यांची नाती ती शिकली होती, स्वतःचं तिला कुणी शिकवलं नव्हतं. ऑस्कर खाली बघत होता. ॲनी दारात तशीच उभी, एक पाय पुढे टाकलेला.

तेवढ्यात मागून आवाज आला. भक्कम, खेडवळ, साडी सावरत.

"स्नाहा!"

रूझाला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. पण सासरा गेला, दीर गेला, जाऊ गेली, सासूसुद्धा सांगून झाली, आता रांगेत कोण उरलं हे कळायला तिला भाषा लागली नाही. "स्नाहा," ती पुन्हा म्हणाली आणि मुलीच्या पाठीवर हात ठेवून तिने तिला पुढे सरकवलं.

ॲनीने माझ्याकडे मान वळवली. "काय म्हनते विहीन?"

स्नाहा, स्नुषा, सून. मी तिला मूळ वगैरे काही सांगितलं नाही. जन्मात पहिल्यांदा सांगितलं नाही. "सून म्हणतेय," एवढंच बोलले.

ॲनीने रूझाकडे पाहिलं. रूझा आता उघड रडत होती, मुलीच्या पाठीवरचा हात काढत नव्हती, आणि तरी तिला पुढेच ढकलत होती. ॲनीच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. मग ती एकदम उसळली.

"तिनं कशाला सांगायचं?" ती ओरडली. "तिची लेक हाय ती! सून माजी हाय, मी सांगीन! सून हाय ही माजी! काकी, काठी काढ आदी, पोरीला उनात कवापासून उबी केलीय!"

काकीने काठी काढली की ॲनीनेच ती बाजूला सारली, ते गर्दीत मला दिसलं नाही. ॲनीने वेस्नाला हाताला धरून उंबऱ्याच्या आत घेतलं, आणि दुसरा हात मागे करून रूझाचाही पदर पकडला.